पण पोरांना विचारले कोणी?

दिवाळी आली की फराळाबरोबर एक तक्रारही घरोघर फिरू लागते. 'हल्लीची मुले वाचत नाहीत हो!' आजोबा म्हणतात, मामा मान डोलावतात, आणि जिच्याविषयी हे चाललेले असते ती नववीतली नात मुकाट्याने चकली मोडत बसलेली असते. तिला कोणी काही विचारत नाही. माझे भांडण आहे ते नेमके याच्याशी. ज्याला पंगतीला बोलावलेच नाही, त्याला भूक नाही असे म्हणण्याचा अधिकार यजमानाला कोणी दिला?

आपल्या ग्रंथालयांकडे पाहा. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो ग्रंथालये शासनाचे अनुदान घेऊन चालतात. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण बहुतेक ठिकाणी एका कपाटात पऱ्या, राक्षस आणि पंचतंत्र असते, आणि त्यापुढचे कपाट उघडले की एकदम प्रौढांच्या कादंबऱ्या, नाहीतर स्पर्धा परीक्षांची जाडजूड मार्गदर्शके! मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने आणि आईची साडी नेसून पाहणाऱ्या मुलीने या दोन कपाटांच्या मधे उभे राहून काय वाचायचे? फार तर 'कुमारांसाठी' म्हणून थोर पुरुषांची चरित्रे एका फळीवर लावलेली असतात. पानांना पाने चिकटलेली, आणि तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही!

ही पुस्तके तिथे येतात कशी, तेही मी पाहिले आहे. एका ग्रंथालयाच्या ग्रंथखरेदीच्या बैठकीला मी हजर होतो. ग्रंथालयाचे नाव सांगत नाही. मार्चअखेर जवळ आलेली, अनुदान खर्ची घालायचे राहिलेले. ज्याचे कमिशन जास्त, त्याची यादी मंजूर! मी विचारले, 'ही पुस्तके वाचणार कोण?' उत्तर आले, 'मुले वाचतील की!' त्या टेबलाभोवती पन्नाशीच्या आतले कोणी नव्हते. सून पाहायला गेलेल्या मंडळींनी मुलालाच घरी ठेवून यावे, तसला हा प्रकार!

आता आठवून पाहा, वाचकहो, तुम्ही स्वतः वाचायला लागलात ते कोणाच्या सांगण्यावरून? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या हाती आला तो कोणत्याही समितीच्या ठरावाने नव्हे. शेजारच्या बाकावरच्या मित्राने 'अरे, हे वाच, मग बोल' म्हणून तो दप्तरातून काढून दिला. पंधरा वर्षांच्या वाचकाला पंधरा वर्षांच्याच वाचकाचा शब्द पटतो. वडिलांची शिफारस म्हणजे त्याला औषधाचा डोस वाटतो. मित्राची शिफारस म्हणजे चिंचेचा आकडा. यात मुलांचा उद्धटपणा नाही. आपणही भाजीवाल्याला विचारण्यापेक्षा शेजारणीला विचारूनच भाजी घेतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. 'मुलांवर सोडले तर ती भुताखेतांची आणि मारामारीची पुस्तके मागतील!' मागू द्या की! बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भूमितीच्या पुस्तकात लपवून त्या वाचणारी मुले पुढे न्यायाधीश झाली, प्राध्यापक झाली, आणि आज तीच नातवंडांच्या वाचनावर पहारा देत बसली आहेत. पोहायला शिकणारा आधी उथळ पाण्यातच हातपाय मारतो. आपण मात्र त्याला काठावर बसवून समुद्राच्या खोलीवर व्याख्यान देतो.

ही काही माझ्याच डोक्यातली लहर नाही. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या शाळकरी मुलीला आपल्या वयाचे खरे जगणे पुस्तकांत सापडेना, म्हणून तिने स्वतःच लेखणी उचलली. 1967 साली 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच देशातल्या ग्रंथपालांच्या संघटनेने या शतकाच्या आरंभी 'टीन्स टॉप टेन' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात पुस्तके सुचवायची ती ग्रंथालयांतल्या मुलांच्या वाचकगटांनी, आणि त्यांवर मतेही द्यायची ती मुलांनीच. तिथे आभाळ कोसळले नाही.

आपल्याला तर एवढ्या थाटाचीही गरज नाही. एक फळी आणि एक वही पुरे. फळीवर पाटी लावा, 'आम्ही वाचले, तुम्ही वाचा.' वहीत बारा ते अठरा वर्षांच्या सभासदांनी चार ओळी लिहाव्यात. पुस्तक कशाविषयी आहे, कोणाला आवडेल, आणि कंटाळा कुठे आला. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण नावडले म्हणण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या आवडले म्हणण्याला काय किंमत? आणि खरेदीच्या दर शंभर रुपयांतले दहा रुपये त्या वहीतल्या मागणीवर खर्च करा. उरलेले नव्वद आपल्या शहाणपणाला मोकळे आहेतच! ग्रंथपाल कुठे जात नाही. पुस्तक अगदीच अश्लाघ्य असेल तर तो नको म्हणेल. फक्त नको का, ते त्याने त्याच वहीत मुलाला लिहून कळवावे.

या वहीत शुद्धलेखनाच्या चुका असतील, मराठीत इंग्रजी घुसलेली असेल, अतिशयोक्ती असेल. लाल शाई घेऊन कोणी तिच्यावर तुटून पडू नये. ज्या मुलाची शिफारस वाचून दुसऱ्या मुलाने पुस्तक घरी नेले, त्या मुलाला आपल्या शब्दाला वजन आहे हे जन्मात प्रथमच कळलेले असते. असा मुलगा मराठी सोडून जात नाही. मराठी वाचक संपत चालला म्हणून गळा काढणाऱ्या सभा आणि परिसंवाद वर्षानुवर्षे चालू आहेत. त्यांतल्या एका सभेचा हारतुऱ्यांचा खर्च वाचवला, तर एका तालुक्यातल्या साऱ्या ग्रंथालयांना पुरतील इतक्या वह्या येतील.