गाठ कुठली, यापेक्षा कोणती?

विशेष प्रतिनिधी

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्या सांध्यावर उद्भवलेली कर्करोगाची गाठ अन्ननलिकेची मानायची की जठराची, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने आजवर चक्क पट्टीने सोडविला आहे. रोगाची अवस्था ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय 'टीएनएम' पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत सांध्याखाली ५ सेंटीमीटरपर्यंत केंद्र असलेली आणि सांध्याला भिडलेली गाठ अन्ननलिकेची ठरत असे. आठव्या आवृत्तीने हे अंतर २ सेंटीमीटरवर आणले. गाठ तीच, रुग्ण तोच. पुस्तकाची आवृत्ती बदलली आणि रोगाचे नाव बदलले!

या पट्टीला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेच्या 'कॅन्सर जीनोम ॲटलास' या प्रकल्पाने. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जठराच्या २९५ गाठींची जनुकीय तपासणी करून त्यांचे चार गट पाडण्यात आले. सुमारे ९ टक्के गाठींत एपस्टाईन-बार विषाणूचे वास्तव्य आढळले. २२ टक्के गाठींत डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडली होती. २० टक्के गाठींची गुणसूत्रे बऱ्यापैकी शाबूत होती. जठराच्या भिंतीत विखरून पसरणारा, हाती लागण्यास अवघड असा कर्करोग प्रामुख्याने याच गटातला. उरलेल्या जवळजवळ निम्म्या गाठींत गुणसूत्रांची प्रचंड मोडतोड झालेली होती. फिनलंडचे पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील रूपावरून केलेली विभागणी तोवर प्रमाण मानली जात होती. तिच्याशी हे गट काही अंशी जुळतात, पण रोगाच्या कारणांपर्यंत ते अधिक खोल पोहोचतात.

२०१७ मध्ये याच प्रकल्पाने अन्ननलिकेच्या १६४ गाठी तपासल्या आणि निष्कर्ष अधिकच बुचकळ्यात टाकणारे निघाले. अन्ननलिकेच्या मूळ अस्तरातून उद्भवणारा 'स्क्वॅमस' कर्करोग हा तोंड व घशाच्या कर्करोगाचा सख्खा भाऊ निघाला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, बहुधा वर्षानुवर्षांच्या आम्लपित्तातून उद्भवणारा ग्रंथीपेशींचा कर्करोग मात्र जठरातील गुणसूत्रे मोडलेल्या गटाशी मिळताजुळता होता. म्हणजे एकाच नळीत दोन परके रोग, आणि दोन वेगळ्या अवयवांत एकच रोग! त्यामुळे औषधांच्या चाचण्यांत हे दोन प्रकार एकत्र करू नयेत, असे संशोधकांनी सुचविले.

हा वाद केवळ नावांचा नाही. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगात स्क्वॅमस प्रकाराचेच प्राबल्य आहे आणि त्यामागे तंबाखूचा मोठा हात आहे. ग्रंथीपेशींच्या कर्करोगावर सिद्ध झालेली पाश्चात्त्य उपचारपद्धती केवळ 'अन्ननलिका' या शब्दावरून इथल्या रुग्णाला जशीच्या तशी लावणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

तथापि, चार गट पाडले म्हणजे चार औषधे मिळाली, असे झालेले नाही. 'ट्रॅस्टुझुमॅब' हे औषध वर्गीकरणाच्या चार वर्षे आधीच, २०१० मध्ये आले. पृष्ठभागावर 'हर-२' हे प्रथिन अधिक असलेल्या गाठींत त्याने सरासरी आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर नेले. 'क्लॉडिन' प्रथिनावर नेम धरणाऱ्या 'झोल्बेटुक्सिमॅब'ला २०२४ मध्ये जपान व अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही गट न पाहता प्रथिन पाहूनच. गटामुळे थेट उपचार बदलला तो मुख्यत्वे दुरुस्ती यंत्रणा बंद पडलेल्या रुग्णांचा. प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या 'पेम्ब्रोलिझुमॅब'ला २०१७ मध्ये अमेरिकेने अशा गाठींसाठी, त्या कोणत्याही अवयवातील असोत, मान्यता दिली. निम्मे रुग्ण ज्या गटात मोडतात, त्या संपूर्ण गटासाठी मात्र असे एकही औषध नाही.

दिलाशाची बाब अशी की, यातील कामाची बहुतेक माहिती मिळविण्यास संपूर्ण जनुकसंच वाचावा लागत नाही. हर-२, दुरुस्ती यंत्रणेची प्रथिने आणि विषाणू यांचा शोध पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बायोप्सीच्या तुकड्यावर विशेष रंग चढवून घेता येतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ केले. त्यातील 'ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन' जठराच्या कर्करोगातही वापरले जाते, पण हर-२ ची चाचणी सकारात्मक आली तरच. ती चाचणी झालीच नाही, तर माफ झालेल्या शुल्काचा त्या रुग्णाला उपयोग शून्य.

आणि चाचणी विसंबण्याजोगी व्हायची, तर एंडोस्कोपीच्या वेळीच पुरेसे तुकडे घ्यावे लागतात. जठराच्या गाठीत हर-२ सर्वत्र सारखे पसरलेले नसते. म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. एकदोन तुकड्यांवर 'कर्करोग आहे' एवढे कळते. कोणता, हे कळण्यासाठी घास गिळणेही कठीण झालेल्या रुग्णाच्या घशात पुन्हा नळी उतरवावी लागते.