क्रोममध्ये दिसलं म्हणजे झालं?

परतवाड्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याची नवी वेबसाइट या आठवड्यात तपासायला आली. फायरफॉक्समध्ये उघडली तर भावाचा तक्ता मेनूवर चढलेला. साइट करणाऱ्या पोराचं उत्तर तयारच होतं, "माह्या क्रोममध्ये तं बराबर दिसते, सर." या उत्तराची मला चीड येते. गिऱ्हाईक साइट पाहायला आपल्या लॅपटॉपपाशी येत नाही.

त्याला ख्रिस पेडरिकचं 'वेब डेव्हलपर' हे एक्स्टेंशन टाकायला लावलं. क्रोम, फायरफॉक्स, एज, ऑपेरा, सगळीकडे ते फुकट मिळतं. एका क्लिकवर सीएसएस बंद, जावास्क्रिप्ट बंद, चित्रांचा ऑल्ट मजकूर समोर.

ते अजून का टिकलं हे 'फायरबग'शेजारी ठेवल्यावर कळतं. 2006 साली जो हेविटने फायरबग हे फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आणलं. चालू पानाचं एचटीएमएल जागेवरच बदलून पाहायची सवय आमच्या पिढीला त्यानेच लावली. गुणांत ते सरस होतं. पण त्याची मुळं फायरफॉक्सच्या जुन्या रचनेत होती. नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 ने ती रचना टाकून वेबएक्स्टेंशन्सचा साचा घेतला आणि फायरबग थांबलं. त्याची कामं ब्राउझरच्या स्वतःच्या साधनांकडे गेली. 'वेब डेव्हलपर' अनेक ब्राउझरांना चालणाऱ्या त्या साच्यात उतरलं, म्हणून आजही हाताशी आहे. एकाच ब्राउझरच्या भरवशावर बांधलेलं उत्तम कामही त्या ब्राउझरच्या एका निर्णयाने संपतं.

फॉन्टवरही माझा राग आहे. व्यापाऱ्याच्या त्या साइटवर सीएसएस बंद केलं आणि मराठी नाहीशी झाली, उरली रोमन अक्षरांची खिचडी. दरपत्रक कृतिदेव या रोमन अक्षरांना देवनागरी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टात टाइप करून वर वेबफॉन्ट चढवला होता. असा मजकूर मराठीत शोधून सापडत नाही आणि अंध माणसाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. युनिकोड असताना हे करणं म्हणजे मराठीवर अन्याय आहे.

रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी 2011 साली मुंबईत सुरू केलेली 'ब्राउझरस्टॅक' वेगवेगळ्या ब्राउझरांवर साइट तपासून देण्यावरच मोठी झाली. अशी तपासणी विकत घ्यायला आपल्या भागातल्या कॉलेजांकडे पैसा नसेल, पण दोन ब्राउझर आणि एक एक्स्टेंशन प्रत्येक लॅबमध्ये बसतं. दोन्हीकडे तपासल्याशिवाय आणि सीएसएस बंद करून मराठी वाचता आल्याशिवाय वेबसाइटच्या प्रोजेक्टला गुण देऊ नयेत.