विजेचा वैल

नातवाच्या स्नेहीमंडळींस गेल्या महिन्यात आमच्या निगडीच्या घरी फराळास बोलाविले होते. मंडळी चाकणच्या कारखान्यांतील. पाळी सुटली तरी रस्त्यावरील कोंडीमुळे कोणी सहास पोहोचणार, कोणी नवास. पंगत मांडावी तरी कशी?

सूनबाईंनी मंद आंचेचे विजेचे भांडे काढिले. त्यात ४०० ग्रॅम किसलेले चीज, दीड वाटी थंड दुधात कालविलेले २ मोठे चमचे कॉर्नफ्लोर, बारीक चिरलेली ढोबळी मिरची व मिरपूड घालून मधून मधून ढवळीत सुमारे दोन तास ठेविले. प्रखर आंचेवर चीजमधील प्रथिने आकसतात व स्निग्धांश वेगळा होतो. मंद आंचेवर पिठाच्या योगे सारे एकजीव राहते. पुढे केवळ ऊब टिकविणारी कळ फिरविली.

परंतु आमच्या सौभाग्यवतीचा हात पुढे होईना. चीज करण्यास वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हे तिने ऐकिले होते. शंका रास्तच होती. सूनबाईंनी न रागावता वेष्टनावरील हिरवी खूण दाखविली. सूक्ष्मजंतूंपासून केलेले रेनेटही हल्ली वापरतात, हे समजाविले. तापल्या दुधात दही घालून केलेली वैदिक ‘आमिक्षा’ याच कुळातली, अशी पुस्ती मी जोडली.

नवास शेवटचा पाहुणा आला, त्यासही ऊन ऊनच मिळाले. मग सौभाग्यवतीने भाकरीचा तुकडा बुडविला व म्हणाली, “सासूबाई उशिरा येणाऱ्याचे दूध चुलीच्या वैलावर ठेवीत. हा विजेचा वैल!”