सांबऱ्याला कोणतं विमान परवडतं?

बेळगाव : ‘बेळगावहून अमुक शहराला विमान सुरू करा’ अशी निवेदनं दर काही महिन्यांनी दिली जातात. कधी मुंबई, कधी पुणे, कधी दिल्ली. शहराचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. त्या निवेदनात विमानाचा उल्लेख मात्र नसतो. कंपनीच्या कार्यालयात नेमका उलटा विचार होतो. आधी विमान, मग शहर. किती आसनांचं, पंख्याचं की जेट, आणि ते आपल्या ताफ्यात मोकळं आहे का? सांबऱ्याची फेरी टिकणार की गुंडाळली जाणार, याचा निम्मा निकाल तिथंच लागतो.

सांबरा विमानतळ 1942 सालचा, दुसऱ्या महायुद्धातला. 2017 मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली आणि धावपट्टी 2300 मीटरची झाली. त्यामुळे लहान-मोठी सगळी स्पर्धक विमानं इथं उतरू शकली. स्पाइसजेटने 2010 मध्ये कॅनडाच्या बम्बार्डियरचं क्यू-400 निवडलं. पंख्याचं असूनही वेगवान, आसनं 78. अलायन्स एअरने एटीआर-72 घेतलं. फक्त एअरबस चालवणाऱ्या इंडिगोनेही 2017 च्या अखेरीस एटीआर ताफ्यात आणलं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 मध्ये वेगळ्याच वाटेनं आली. तिने ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं 50 आसनी जेट घेतलं आणि 2023 पासून 76 आसनांचं ई-175 आणलं.

78, 76... हे आकडे योगायोगानं जुळलेले नाहीत. विमानतळ प्राधिकरणाच्या दरपत्रकात 80 पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत प्रवासी विमानाला उतरण्याचं शुल्क माफ आहे. दुसरी मर्यादा वजनाची. उड्डाणाचं कमाल वजन 40 टनांपेक्षा कमी असेल, तर नियमित सेवेच्या विमानाच्या इंधनावर राज्याला मोठा विक्रीकर लावता येत नाही. एटीआर 23 टनांचं, ई-175 चाळीसच्या जरा आत. 180 आसनी एअरबस या दोन्ही सवलतींबाहेर जाते. म्हणजे छोट्या शहरासाठी विमान निवडताना इंजिनाइतकाच सरकारी दरपत्रकाचाही हात असतो.

आता प्रवाशांचा हिशेब. समजा एका फेरीला 40 जण मिळाले. 50 आसनी विमान 80 टक्के भरलं. तेच 40 जण 76 आसनी विमानात निम्म्याच जागा भरतात आणि एअरबसमध्ये जेमतेम 22 टक्के. मोठं विमान आलं म्हणून हार-तुरे घेऊन स्वागत करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. छोटं विमान दिवसातून दोनदा येणं व्यापाऱ्याला आणि रुग्णाला जास्त उपयोगाचं. सकाळी जाऊन रात्री घरी परतता येतं.

मग सगळ्यांनी एटीआरच का घेऊ नये? कारण अंतर. बेळगाव-मुंबई हवाई अंतर साधारण 400 किलोमीटर, बेंगळूर 450 च्या आसपास. इतक्या अंतरात जेट फार तर पंधरा-वीस मिनिटं वाचवतं, इंधन मात्र बरंच जास्त पितं. पण जोधपूर साडेअकराशे किलोमीटरवर आहे. तिथं ताशी 500 च्या एटीआरला जेटपेक्षा जवळपास तासभर जास्त लागेल. स्टार एअरने बेळगावहून जोधपूर, अहमदाबाद, इंदूर असे मार्ग धरले ते जेट हाताशी असल्यामुळे. दिल्ली तर 1400 किलोमीटरच्या पुढे, ते अंतर एअरबसचंच.

ताफ्याचीही अडचण असते. एका जातीच्या विमानाचे वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग दुसऱ्याला चालत नाहीत. शिवाय दोन-चार विमानांची कंपनी असेल, तर एक विमान दुरुस्तीला गेलं की चार शहरांच्या फेऱ्या कोलमडतात. निवडलेलं मॉडेल बाजारात टिकेल का, हेही पाहावं लागतं. क्यू-400 चं उत्पादन 2021 मध्ये थांबलं.

आणि विमान जागचं हलतं, ही गोष्ट बेळगावकर 2018 मध्ये शिकले. हुबळी ‘उडान’ योजनेत आली, बेळगाव बाहेर राहिलं आणि स्पाइसजेटने बहुतेक फेऱ्या हुबळीला नेल्या. 2019 च्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावचा समावेश झाल्यावर सांबऱ्यात पुन्हा वर्दळ वाढली. पण या योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं, तेही साधारण निम्म्या आणि जास्तीत जास्त 40 आसनांसाठी. पुढे काय होतं, ते ‘कॅग’च्या 2023 च्या अहवालात आहे : पहिल्या तीन टप्प्यांत देशभर 774 मार्ग दिले, 371 सुरू झाले, तीन वर्षं 112 नी पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकले फक्त 54.

टिकायचं तर प्रवासी हवेत, आणि सीमाभागाची अडचण इथंच आहे. निपाणीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ चाळीसेक किलोमीटर, सांबरा ऐंशीच्या वर. बेळगाव-खानापूरच्या प्रवाशाला गोव्याचं मोपाही खुलं झालंय. कोल्हापूरची मूळ धावपट्टी 1370 मीटरची, ती 1930 मीटर झाल्यावर तिथंही पर्याय वाढले. 10 मार्च 2024 ला एकाच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन आणि बेळगावच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. दोन्ही विमानतळ एकाच प्राधिकरणाचे, पण अनुदानातला राज्याचा वाटा आणि इंधनावरचा कर बेंगळूर आणि मुंबई वेगवेगळे ठरवतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वरचा प्रवासी दोघांच्या हिशेबात अर्धा-अर्धा येतो.

त्यामुळे पुढचं निवेदन देताना त्यात निपाणी ते खानापूर पट्ट्यातून महिन्याला किती जण मुंबईला जातात, त्यातले किती रात्रीच्या बसने, किती कोल्हापूर वा गोव्यातून, एवढं जोडलं तरी कंपनीच्या टेबलावर त्याला वजन येईल. हा आकडा चेंबर ऑफ कॉमर्स, ट्रॅव्हल एजंट आणि बसमालक मिळून महिनाभरात काढू शकतात. पन्नास आसनं मागायची की पावणेदोनशे, हे त्यावरच ठरेल.