उसाचा तुरा व तोडणीचा क्रम

कार्तिकांत तुळशीच्या लग्नासाठीं दादरच्या बाजारांत उसाचे भारे येऊं लागतात, त्याच सुमारास घाटावरील फडांत तुरे डोलूं लागतात. परळ, लालबाग, गिरगांव या भागांत राहून गांवीं थोडीबहुत जमीन राखणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांस घरून निरोप येतो, "उसास तुरा आला, आतां काय करावें ?" अशा वेळीं बहुधा बियाण्यास किंवा नशिबास बोल लावला जातो. आमच्या मतें हा दोष भलत्याच ठिकाणीं लावला जातो. आणि जेथें सुधारणा करतां येईल तो तोडणीचा क्रम मात्र तसाच राहतो.

तुरा दिसतो कार्तिकांत. पण तो ठरतो श्रावण-भाद्रपदांत. मुंबईस जूनच्या अखेरीस दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. तो घटत घटत ऑगस्टच्या अखेरीस साडेबारा तासांवर व सप्टेंबरच्या अखेरीस बारांवर येतो. सातारा-कोल्हापुराकडे यांत फरक पडतो तो कांहीं मिनिटांचाच. साडेबारा तासांच्या आसपासचा हा उतरता दिवस उसास फुलण्याची सूचना देतो. तोंवर ज्या उसास तीन-चार कांड्या सुटल्या असतील, ज्याच्या मुळांशीं ओल भरपूर असेल, व ज्यास फार थंड रात्री किंवा फार तापलेले दिवस सोसावे लागत नसतील, त्याचा शेंडा पानें काढण्याचें सोडून फुलोरा घडवूं लागतो. आपल्या पावसाळ्यांत या सर्व गोष्टी आयत्याच जमून येतात. तुरा बाहेर पडावयास मग आणखी आठ-दहा आठवडे लागतात.

दिवसाचें हें मोजमाप शेंडा करीत नाहीं, पान करतें. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला संबंध गार्नर व ॲलार्ड यांनीं १९२० सालीं अमेरिकेंत तंबाखूवरील प्रयोगांनीं दाखविला. पानांतून शेंड्याकडे जाणारा निरोप हें एक प्रथिन आहे, असें २००७ सालीं भातावरील संशोधनांत दिसून आलें. तें केव्हां व किती निर्माण व्हावें हें जनुकें ठरवितात. आजचा ऊस तर दोन घराण्यांचा आहे; एक जाड, रसाळ उसाचें व दुसरें काश या रानगवताचें. कोइमतूर येथें या दोहोंच्या संकरांतून निघालेला को. २०५ हा ऊस १९१८ सालीं प्रसृत झाला, आणि पुढील बहुतेक जातींत दोन्ही रक्तें उतरलीं. म्हणून एकाच शिवारांत एका जातीस तुरा लवकर येतो, दुसरीस उशिरा, तर तिसरीस क्वचितच.

तुरा हा केवळ शत्रूही नव्हे. तुऱ्यावांचून बीं नाहीं, बियांवांचून संकर नाहीं, आणि संकरावांचून नवी जात नाहीं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनें संकराचें काम आंबोलीस चालविलें आहे, तें तेथें ऊस चांगला फुलतो म्हणूनच.

शेतकऱ्याचें नुकसान तुऱ्यानें होतें त्याहून अधिक तुऱ्यानंतरच्या उशिरानें होतें. तुरा आला कीं वाढ थांबते. प्रथम कांहीं दिवस साखर वाढतेही. सुमारें दोन महिन्यांच्या आंत तोड झाली तर फारसें बिघडत नाहीं. पुढें पांगशा फुटतात, ऊस पोकळ होऊन दशी पडतो, आणि वजन व उतारा दोन्ही घटतात. अशा स्थितींत लागणीच्या तारखेवरच पाळी लावणें कितपत योग्य ? जानेवारी-फेब्रुवारींत लावलेल्या सुरू उसाची पाळी वयाप्रमाणें पुढील फेब्रुवारी-मार्चांत येते. पण त्यास तुरा नोव्हेंबरांतच आला असेल तर तीन-चार महिने तो नुसता उभा राहून झिजतो.

यावर कोणी म्हणेल कीं कोवळा ऊस आधीं तोडल्यास उतारा कमी पडेल, व टोळ्यांस गांवोगांव फिरवणें परवडणार नाहीं. पहिला आक्षेप तुरा न आलेल्या उसास लागू आहे. तुरा आलेल्याची वाढ तर थांबलेलीच असते. दुसऱ्याचें उत्तर असें कीं टोळी त्याच गांवीं ठेवून गांवांतल्या गांवांत क्रम बदलावा. कारखान्यांच्या शेतकी खात्यांनीं नोव्हेंबरांत फडांची पाहणी करून तुऱ्याचें प्रमाण नोंदवावें, व ज्या फडांत तो अधिक असेल ते जानेवारी संपण्यापूर्वीं तोडावेत. गाळपाच्या प्रारंभाची तारीख मुंबईंत मंत्र्यांच्या समितींत ठरते. २०२४ च्या हंगामासाठीं ती १५ नोव्हेंबर ठरली होती. ती ठरवितांना त्या वर्षींच्या तुऱ्याचा अंदाजही समितीपुढें असावा.

शेतकऱ्यानेंही आपल्या परीनें जपावें. पाणथळ जमिनींत कमी तुऱ्याची जात निवडावी, आणि श्रावण-भाद्रपदांत चर काढून सांचलेलें पाणी बाहेर घालवावें. दिवसाची लांबी कोणास बदलतां येत नाहीं. जात, निचरा व तोडणीची पाळी या तीन गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत.