पाटाच्या काठाने

दक्षिण फ्रान्सच्या लोरागे भागात टेकड्या बुटक्या, शेतं गव्हाची आणि सूर्यफुलांची. इथल्या नोरूझ खिंडीतून पाणी एकीकडे अटलांटिककडे वाहतं, दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे. कालव्याला पाणी मिळावं म्हणून पिएर-पॉल रिके यांनी डोंगरातले ओढे पाटाने इथवर आणले. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, १६८१मध्ये, ‘कानाल द्यू मिदी’ हा कालवा खुला झाला. पाटाचा उतार सौम्य, म्हणून काठची पायवाटही सोपी. आजी-नातवंडांनी मिळून चालावी अशी. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांवरचे दिशा दाखवणारे लाल-पांढरे पट्टे स्वयंसेवक रंगवतात. शिखर गाठण्याइतकंच सपाटीवर रमतगमत चालणंही मोलाचं आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. हा अंक अशा वाटांना आणि त्या राखणाऱ्यांना अर्पण.

— संपादक