सिकलसेलचे दिव्यांग प्रमाणपत्र : रुग्णाला नको, कागदाला फिरवा

तुमच्या घरात सिकलसेलचा ‘एसएस’ रुग्ण असेल आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करून तुम्ही वाट पाहत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘पुढच्या बुधवारी या’, ‘आज मोठे डॉक्टर नाहीत’, ‘पोरगा तर चांगला दिसतो’ ही वाक्ये तुम्हाला आता पाठ झाली असतील. माझे म्हणणे सरळ आहे. सिकलसेलचा निर्णय रक्ताचा अहवाल आणि दवाखान्याच्या नोंदी पाहून व्हायला हवा. तो रुग्णाच्या गावाजवळ आणि ठरलेल्या मुदतीत व्हायला हवा. त्यासाठी रुग्णाला वारंवार जिल्ह्याला बोलावणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारांमध्ये हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार आहेत. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते. हे लक्षात ठेवा की ‘एएस’ म्हणजे वाहक व्यक्ती निरोगी असते. तिला हे प्रमाणपत्र मिळत नाही.

२०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांत निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि अर्जदाराला पुन्हा अर्ज करावा लागतो किंवा जुना जिवंत करून घ्यावा लागतो. म्हणजे उशीर कार्यालयाने करायचा आणि भुर्दंड रुग्णाने भरायचा. हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा ४० टक्क्यांवरच्या सिकलसेल रुग्णाला लागू आहेत. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के जागांच्या कलम ३४ मध्ये रक्तविकारांचे नावच नाही. दिव्यांग म्हणून मान्य, पण नोकरीच्या यादीतून बाहेर. त्यामुळे या मुलांना शिक्षणाच्या जागेचाच मोठा आधार आहे. प्रवेशाची तारीख निघून गेल्यावर आलेला दाखला त्या वर्षापुरता कोरा कागद असतो.

वाट पाहण्यानेच आजार वाढतो

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसांतच फुटते. शरीरात पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला किंवा दमणूक झाली, की पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे फोडल्यासारखी दुखतात. यालाच आपण क्रायसिस म्हणतो.

आता सिरोंचा किंवा भामरागडहून निघालेल्या रुग्णाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गडचिरोली शहर तिथून दीडशे-दोनशे किलोमीटर लांब. पहाटेची गाडी, वाटेत लघवीला उतरावे लागेल म्हणून पाणी न पिणे, मे महिन्याचे ऊन, पुढे रांग, आणि रात्री परत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. चंद्रपूरच्या जिवतीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांचेही हाल कमी नाहीत. क्रायसिस आणणारी जवळजवळ सगळी कारणे या एका फेरीत जमा होतात. तपासणीच्या दिवशी बरा दिसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वॉर्डात असतो, पण मंडळाच्या कागदावर तो ‘बरा’ असाच राहतो.

या आजाराचे मोजमाप एका दिवसाच्या भेटीत होऊच शकत नाही. वर्षात किती क्रायसिस आले, किती वेळा रक्त चढवले, खुब्याचे हाड झिजले का, झटका किंवा पक्षाघात झाला का, यावरून तीव्रता कळते. आणि ही सगळी माहिती दवाखान्याच्या नोंदीत असते.

‘पण बोगस प्रमाणपत्रांचे काय?’

प्रश्न रास्त आहे. बनावट दाखल्यांची प्रकरणे झाली आहेत आणि कडक तपासणी हवीच. पण सिकलसेलचे सोंग घेता येत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत ‘एसएस’ आले की निदान जन्मभराचे झाले. ओळख पटवण्यासाठी रुग्णाला एकदा बोलवा, तालुक्याच्या शिबिरात बोलवा. बाकीची पडताळणी कागदांवर करा. बोगस अर्जदाराला ओळखीपाळखीची माणसे मदत करतात. सात फेऱ्या मारून थकतो तो खराच रुग्ण.

देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. २०४७ चे उद्दिष्ट आहे. तपासण्यांचे आकडे वरच्या कार्यालयाला जातात. तपासणीत सापडलेल्या रुग्णाला त्याचा दाखला किती दिवसांत मिळाला, हाही आकडा तिथे गेला पाहिजे.

आणि आम्हा डॉक्टरांनाही सांगतो. सुट्टीच्या कार्डावर नुसते ‘ताप, अंगदुखी’ लिहून रुग्णाला घरी पाठवू नका. ‘सिकलसेल क्रायसिस’ असे स्पष्ट लिहा, रक्ताच्या पिशव्यांची संख्या लिहा. आपल्या दोन शब्दांच्या आळसाने कोणाचे टक्के ४० च्या खाली जातात.

निर्णय येईपर्यंत तुम्ही काय कराल?

१. अर्जाचा क्रमांक आणि पोचपावती जपा. अर्जाची तारीख कॅलेंडरवर लिहा. तीन महिने झाले की लेखी स्मरणपत्र द्या आणि त्यावर शिक्का घ्या.

२. एका फाईलमध्ये रक्ताचा अहवाल, प्रत्येक भरतीचे कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि खुब्याचा एक्स-रे ठेवा. मूळ कागद कोणाला देऊ नका.

३. वहीत दुखण्याची नोंद करा : तारीख, कुठे दुखले, शाळा किंवा मजुरी किती दिवस बुडाली.

४. नकार आला तर तो लेखी मागा. कलम ५९ नुसार अपील करता येते. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

५. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड सुरूच ठेवा. ठरलेल्या वेळी रक्त तपासा. ‘औषधाने बरा दिसला तर टक्के कमी मिळतील’ या भीतीने गोळी बंद करणे म्हणजे दाखल्यासाठी जीव गहाण ठेवणे. फेरीला निघताना पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत ठेवा.

६. ताप, छातीत दुखणे, धाप, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, लहान मुलाचे पोट डावीकडे फुगून ते पांढरे पडणे, यातले काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठा. मंडळाची तारीख त्याच दिवशी असली तरी ती चुकू द्या.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचे. एकट्याने रांगेत उभे राहू नका. मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभेच्या बळावर. तुमच्याही ग्रामसभेत ठराव घ्या : आमच्या गावात ‘एसएस’ रुग्ण इतके, दाखला मिळालेले इतके, तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबलेले इतके, तालुक्यालाच शिबिर लावा. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी दोघांनाही द्या. एका रुग्णाला ‘पुढच्या बुधवारी या’ म्हणता येते, अख्ख्या गावाला तसे सांगणे अवघड जाते.